नळीतली लाळ

कैरी चिरल्याचा वास आला की अख्ख्या रत्नागिरीच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या मात्र घशाला कोरड पडते. भावाची सहा वर्षांची लेक बोलत नव्हती, डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. हा ऑटिझम कशामुळे होतो ते शोधणाऱ्या विद्यापीठातल्या बाई मिरजोळ्याला आमच्या घरी आल्या, त्यांना तिची आणि आईबापांची लाळ हवी होती. पोर काही नळीत थुंकेना. तोंडाला पाणी सुटावं म्हणून मी नाकाखाली कैरी धरली, तर तिनं ती अशी भिरकावली की बंदरातल्या होड्या हलल्या असतील. बाई पडवीत खोळंबलेल्या, वहिनी रडकुंडीला आलेली. शेवटी मीच आत जाऊन नळी भरून आणली, विहीर भरेल एवढं पाणी माझ्याच तोंडाला सुटलं होतं. एकाच घरातली लाळ, काय फरक पडतो? पावसाळा सरल्यावर बाईंचा फोन आला, मुलीचा नमुना आईशी जुळत नाही, पुन्हा द्या. पोर तुझ्यासारखी नाही, दवाखान्यात बदलली असेल, हे वहिनीला सगळी वाडी ऐकवत होतीच. मी तिथल्या तिथे देवावर हात ठेवून कबूल केलं. “वन्सं, तुमच्या थापा मला ठाऊक आहेत,” ती म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून सांगताय.” “मग दे ना पुन्हा नमुना.” “नको. पुन्हा नाही जुळला तर?” आजही मी कैरी चिरत होते, पोर अंगणात शिंपले ओळीनं मांडत होती, आणि वहिनी दाराआडून तिचं नाक न्याहाळत होती, मग आरशात स्वतःचं.