परमिट फक्त पक्ष्यांचं

त्या दिवसांत चंदीगडला आमच्याकडे फोटो कमी आणि किस्सेच जास्त साठायचे. रोल संपायच्या आत नवी भानगड हजर!

टोळकं तिघांचं. मी सेक्टर ३९च्या संशोधन संस्थेतला, दुसरे मेजर सावंत आणि तिसरे मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर बापट. रविवारी सकाळी तलावामागच्या जंगलात जाऊन पक्षी टिपायचे, एवढाच नाद. पण ऐंशीच्या दशकातला तो पंजाब, दहशतवादाने पेटलेला. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. घरात चैन पडेना आणि बाहेर पडलं की तपासणीचा नाका. त्यात जंगलात कॅमेरा न्यायला वनखात्याचं परमिट, वर पोलिसांचा शिक्का!

*

परमिट देणाऱ्या साहेबांनी बापटांना विचारलं, "कौन सा पंछी?"

"जो दिखे."

"ऐसे नहीं चलेगा जी. नाम बोलो."

बापट घाईत म्हणाले, "किंगफिशर!"

गेटवरच्या गार्डने परमिट मन लावून वाचलं आणि तो आमच्याबरोबरच निघाला. कॅमेरा वर गेला की त्याचा हात आडवा. "ये किंगफिशर है?"

समोर मोर नाचत होता. सावंतांना राहवेना. "हां जी, ये बड़ा वाला किंगफिशर है!"

गार्ड शांतपणे म्हणाला, "साहब, नौकरी मेरी जाएगी, मोर की नहीं."

*

एकदा मी आणि बापट स्कूटरवरून निघालो होतो. टॉवेलात गुंडाळलेली लांब लेन्स पिशवीतून डोकावत होती. नाक्यावरच्या जवानाने ती पाहिली आणि थेट बंदूक रोखली. "हाथ ऊपर!"

स्कूटर आडवी झाली. माझे हात आपोआप वर गेले. शेजारी हात वर करून उभे बापट पुटपुटले, "लेन्सला ओरखडा नको हो पडायला!"

त्या जवानाच्या हवालदाराने लेन्स कॅमेऱ्याला लावायला सांगितली आणि आपल्या तंबूंकडे रोखून कितीतरी वेळ बघत राहिला. आता काय?

"ओए," तो गरजला, "मेरी बनियान कौन पहन के घूम रहा है!"

आमची सुटका झाली. बनियानवाल्याचं काय झालं, देव जाणे.

*

एका रविवारी बापट एकटेच गेले. ओढ्याकाठी वळले, तर समोर झाडाखाली एक तरुण बसलेला. वाढलेली दाढी, चिखलाने माखलेले बूट, अंगावर शाल. शालीखाली एक हात.

"कॅमरा क्यों?"

बापटांनी परमिट पुढे केलं. त्याने सगळं वाचलं. "डॉक्टर हो? बड़े अस्पताल में?"

"हां."

मग शालीच्या टोकाने त्याने चेहरा पुसला आणि ताठ बसला. "एक मेरी खींच दो."

बापटांनी फोटो काढला. सवयीने विचारलंही, "कहां भेजूं?"

"भेजना मत. आप रख लो. अस्पताल में मांएं आती हैं ना, बेटों का पूछती हुई? मेरी आए तो दे देना."

फोटो स्वच्छ आला होता. त्याच वर्षी बापटांना पुण्यात चांगली नोकरी मिळाली. वहिनींनी ट्रंका भरायला घेतल्या. बापट एकेक साडी काढून परत कपाटात ठेवत होते.

"अहो, हे काय चाललंय?"

"इतक्यात नको गं," ते म्हणाले. "ती आली, आणि मी नसलो तर?"