एका पातेल्यातलं पानी

तवा हिकडं रेल्वे नव्हती. रबाळ्याच्या कंपनीत ह्यांच्या मांडीवर गरम केमिकल सांडलं, कंपनीच्या टेंपोतनंच दवाखान्यात नेलं. पोरगी शेजारनीकडं ठेवली आन् मी ह्यांच्या खाटंखाली पथारी टाकली.

पंधरा दिसांत जखम भरत आली. गुलाबी कातडं धरलं. डॉक्टर म्हनले, "सोमवारी घरी."

शेजारच्या खाटंवर एक म्हातारं व्हतं. पायाला जुनी जखम. पट्टी हिरवी व्हायची, गोडसर घान वास मारायचा. त्येचं कुनी येत नव्हतं. वार्डातल्या नळाला सकाळी घटकाभरच पानी. मी कँटीनमधनं पातेलंभर गरम पानी आनायची. फडकं एकच. मोठ्या मानसाचं आधी, म्हनून पयलं म्हाताऱ्याचं अंग पुसायची, पायाच्या कडंचा पू बी. मग उरलेल्या पान्यात ह्यांचं.

हे चिडवायचे, "लगीन माझ्यासंगं केलंस का बाबांची शेवा करायला?"

म्हातारं हसायचं. "जावयबापू, जळू नका. पोरगी माझी हाय."

रविवारी ह्यांना थंडी वाजून ताप भरला. पट्टी सोडली तर कडंला हिरवं. वास मी वळखला, सिस्टरच्या आधी.

इंजेक्शन बदललं. परत बदललं. मुंबईवरनं मागवलेलं बी दिलं. ताप हलंना. डॉक्टरांनी पू तपासायला धाडला, आन् दोन दिसांनी मला भाईर बोलावलं.

"बाई, हे जंतू दवाखान्यातच मुरलेत. आपलं कुठलंच औषध त्यांना लागू पडत नाही. म्हाताऱ्याच्या पायात आहेत तेच हे." मग हळूच म्हनले, "दोघांना पुसायला पाणी वेगळं घेत होतात ना?"

मी म्हनलं, "एकच."

रागावले न्हाईत. रागवायला पायजे व्हतं.

त्या दिसापास्नं दोन पातेली, दोन फडकी, साबनानं हात. आता काय उपेग. ह्यांना सांगितलं न्हाई.

आन् हे तापात बी रोज इचारायचे, "बाबांचं झालं का? त्येंचं आधी कर."

"झालं," म्हनायची मी.

पाचव्या सकाळी गरम पानी घिऊन आले. ह्यांनी इचारलं न्हाई. कपाळाला हात लावला, गार पडलं व्हतं. मी हुभीच राह्यले. पानी हातातच निवलं.