दुपारचं जस्त

आकडा सांगायचा असेल तर तो किती चुकू शकतो तेही सोबत सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. परभणीत रसायनशास्त्र शिकवायला लागल्यापासून मी हे प्रत्येक वर्गाच्या कानीकपाळी ओरडत आलेय. विद्यार्थी पाठीमागे मला ‘प्लस-मायनस मॅडम’ म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. उलट, चला, एवढं तरी डोक्यात शिरलं, असं वाटतं.

माझं काम मातीतली सूक्ष्म द्रव्यं मोजण्याचं. मातीचा अर्क काढायचा, बारीक नळीने तो ज्योतीत सोडायचा आणि त्यातल्या जस्ताच्या अणूंनी दिव्याचा किती उजेड शोषला ते यंत्रावर वाचायचं. यंत्राचं नाव लांबलचक आहे, पण आमच्याकडे सगळे त्याला ‘मशीन’च म्हणतात. मशीन आकडे ओकत राहतं. त्यातले खरे कोणते आणि योगायोगाचे कोणते हे संख्याशास्त्राने ठरवायचं, आणि त्यातच मला खरी मजा येते. या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. माझे सहकारी हे मान्य करतील, काहीजण जरा जास्तच जोरात.

माझ्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी होती. गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावची. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, उन्हाळ्यात परतायचे आणि पावसाळ्यात घरची थोडी जमीन करायचे. मुलगी कमी बोलणारी आणि महाहट्टी. तिचा विषय होता जिल्ह्यातल्या मातीतलं जस्त, म्हणजे झिंक. ते कमी पडलं की पानं पिवळी पडतात, रोप खुरटतं. त्याची एक हद्द ठरलेली आहे. माती हद्दीच्या खाली असेल तर झिंकचं खत टाकायचं, वर असेल तर गरज नाही. तीन वर्षं ती एसटीने आणि जिपांनी जिंतूर, पाथरी आणि आपल्या गावाकडची रानं पालथी घालत होती.

तिचे निकाल आले तेव्हा मी खूश झाले. जिंतूरकडची माती हद्दीच्या जराशी खाली, पाथरीची हद्दीवर आणि राणीसावरगावची जराशी वर. फरक लहान होता, पण नमुने भरपूर होते, आणि हा फरक योगायोगाचा नाही असा संख्याशास्त्राचा स्वच्छ निर्वाळा होता. प्रबंधाचा तिसरा अध्याय यावरच उभा राहिला. ती माझ्याहून खूश होती. गावाकडची एखादी गोष्ट चांगली निघाल्याचं तिने पहिल्यांदाच कागदावर पाहिलं होतं. वडील ऊसतोडीहून परतले तसं तिने त्यांना सांगितलं, “आबा, आपल्या रानात झिंक पुरेसं हाय. यंदा टाकू नका.” आबांनी ते पारावर जाऊन चारचौघांत सांगितलं. पोरगी तिकडं मशीनवर बसती, तिनं सांगितलंय म्हणून.

प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. मी प्रयोगशाळेत बसून तिसरा अध्याय शेवटचा वाचत होते, ती समोर होती. आमच्या प्रयोगशाळेतले मामा, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आधीपासून तिथे असलेले परिचर, बाजूला बाटल्या धूत होते. ते तिला चिडवायला म्हणाले, “तुमच्या गावची माती लय नशीबवान, बाई. कवाबी दुपारीच मशीनला लागती.”

“म्हणजे काय, मामा?” मी विचारलं.

“दुपारच्याला मशीन चढून बोलतंय की. खोली तापली का आकडा जरा वरच येतोय.”

“हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही!”

“तुमी कधी इचारलं?”

आधी मी मामांवर भडकले. कुणाचं ऐकून न घेणाऱ्या बाईला कोण काय सांगायला येणार, हे तेव्हा सुचलं नाही. मग मी रजिस्टर उघडलं.

आमच्याकडे दर दहा नमुन्यांनंतर एक माहितीतलं द्रावण मोजतात. त्यात जस्त किती हे आधीच ठाऊक असतं. आकडा ठरलेल्या मर्यादेत आला की बरोबरची खूण करायची आणि पुढे जायचं. तीन वर्षांच्या सगळ्या पानांवर बरोबरच्या खुणा होत्या, आणि मी त्या खुणाच बघून सह्या केल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही खुणा सोडून आकडे वाचले, आणि प्रत्येकापुढे वेळ मांडली. सकाळचे आकडे ठरलेल्या आकड्याच्या अगदी जवळ, दुपारचे थोडे वर. एकही मर्यादेबाहेर नाही. पण दुपारचे सगळेच्या सगळे एकाच बाजूला झुकलेले.

आणि क्रम? क्रम माझा होता. नळ्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून मीच ठरवून दिलं होतं: आधी जिंतूर, मग पाथरी, शेवटी गंगाखेडकडचे, म्हणजे राणीसावरगावचे. रोज. म्हणजे जिंतूरची माती कायम सकाळच्या गारव्यात मोजली गेली आणि हिच्या गावची कायम दुपारच्या उकाड्यात. आम्ही तीन तालुक्यांतलं जस्त मोजलंच नव्हतं, आम्ही दिवस चढताना मोजला होता. मोजण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा हे प्रयोगाच्या आखणीच्या पहिल्याच तासाला शिकवतात. तो तास मीच घेते. विद्यार्थिनीसमोर इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“हा अध्याय उभा राहत नाही,” मी तिला म्हणाले.

तिला प्रबंधाचं पडलंच नव्हतं. एवढंच म्हणाली, “मॅडम, मी आबांना सांगून बसले.”

प्रबंध पुढे ढकलला. वाळवून ठेवलेल्या मातीतून सगळे अर्क पुन्हा काढले. मामांच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि निघेल त्या क्रमाने मोजायला लागलो. सकाळी पाथरी, तिच्यामागे राणीसावरगाव, मग जिंतूर, परत राणीसावरगाव. माहितीतलं द्रावण आता दर पाच नमुन्यांनंतर, आणि आकडा जरा सरकला की मशीन पुन्हा जुळवून घ्यायचं. शेवटी आकडे मांडले तेव्हा तिन्ही तालुके एकमेकांत मिसळून गेले होते. फरक उरला नव्हता. तिच्या गावची माती बाकीच्यांसारखीच, हद्दीच्या जराशी खाली.

तिने एकेका आकड्यावर बोट ठेवत कागद वाचला. “बरं झालं,” म्हणाली, “पेरणी व्हायचीय अजून.”

गावाला मीही तिच्यासोबत गेले. चूक माझ्या क्रमाची होती, तर सांगायचंही मीच, हे मी तिला बजावून ठेवलं होतं. आबा अंगणात वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, ठोकत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातोडा खाली ठेवून ऐकलं.

“म्हंजी मशीन दुपारी चढून बोललं, आन् तुमी तसंच लिवलं.”

“हो.”

“आन् आता खरं बोलायलंय कशावरून?”

मी समजावायला लागले. चिठ्ठ्या, क्रम, सकाळ-दुपार. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग उठले. “म्या चारचौघांत सांगितलं व्हतं. आता हे बी चारचौघांतच सांगाया पायजे.”

पारावर आठ-दहा जण होते. मी तोंड उघडायच्या आत पोरगीच पुढे झाली. “माझा आकडा चुकला. आपल्या रानात झिंक कमी हाय. टाकाया लागंल.” चूक माझी आहे असं मी म्हणाले, तर ती सगळ्यांसमोर मला म्हणाली, “मशीनवर मी बसले होते, मॅडम.” त्यांच्या बांधाशेजारचा एक शेतकरी हसला. “आज खाली म्हंतीस, उद्या पुन्हा वर म्हनशील. आमी काय तुझ्या मशीनकडं बघून पेरावं का?” बाकीचेही हसले. आबा हसले नाहीत, पण तिची बाजूही घेतली नाही.

परतताना जीप गंगाखेडला पोचली. तिथे ती म्हणाली, “प्रबंध होईल, मॅडम. पण माझा आकडा आता गावात कोण खरा धरणार?” ती तीन वर्षं उन्हातान्हात फिरली ते यासाठीच होतं. आकडा चुकला तर तो किती चुकला हे मी सांगू शकते, पण गेलेला विश्वास कसा मोजायचा हे मला ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी गावाकडच्या जीपवाल्याने दोन पिशव्या आणून दिल्या. एकीवर आबांच्या नावाची चिठ्ठी, दुसरीवर त्या हसलेल्या शेजाऱ्याच्या नावाची. निरोप एवढाच, की दोन्ही मोजा. तिने माती वाळवली, चाळली, अर्क काढले आणि नळ्या बाकीच्या नमुन्यांत मिसळल्या. चिठ्ठीत शेजाऱ्याची माती सकाळी निघाली आणि आबांची भर दुपारी.

दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. “एकच अर्क दोनदा मोजलास! बाटली बदलली तुझी. दोन वेगळ्या रानांतली माती इतकी सारखी असते होय?” तिने दोन्ही पिशव्या पुन्हा उघडल्या, पहिल्यापासून सगळं केलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. तेच.

शेवटी तिने घरी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. “आबा, दोन्हींचा आकडा सारखाच यायलाय. बाटल्या बदलल्या असं मॅडम म्हणायल्यात. पण मी तीनदा केलं. सारखाच हाय.”

पलीकडे आधी कुणीतरी दुसराच माणूस हसला. तो शेजारी होता.

“सारखाच येनार की,” आबा म्हणाले. “एकाच खड्ड्यातली माती हाय ती. ह्यानंच खड्डा खांदला, दोघांनी मिळून दोन पिशव्या भरल्या. म्हनलं बघावं, पोरगी काय म्हंती.”

एकच नमुना दोन नावांनी पाठवायचा आणि मोजणाऱ्यालाच तपासायचं. ही पद्धत मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. या तीन वर्षांत मी ती एकदाही वापरली नव्हती. आणि पारावरच्या दोन माणसांनी ती न शिकता वापरली होती, तीही अगदी बिनचूक. मला हसू आलं आणि त्यांचा हेवाही वाटला.

“मग?” तिने विचारलं.

“मग काय? झिंक टाकतो आता,” आबा म्हणाले. मागून शेजारी ओरडला, “आमी बी टाकतो! आन् पाराजवळच्या रानाची माती पाठवू का उद्या?”

“पाठवा,” ती म्हणाली आणि फोन ठेवून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. मामांनीही बाटल्या धुणं थांबवलं होतं. मग तिने ओढणीने चेहरा पुसला, रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे त्यांच्या प्लस-मायनससकट लिहिले आणि घड्याळाकडे पाहिलं.

“तीन वाजलेत, मॅडम. मशीन चढायची वेळ. आधी माहितीतलं द्रावण लावते,” ती म्हणाली, आणि डब्यातून पुढची चिठ्ठी काढली.