ताईला ग्रामर विचारणारे पाहुणे

आता ऐकाच, मी कसा तोंडावर आपटलो ते. पण आधीच सांगतो, माफी मी मागितली न्हाई आन् मागणारबी न्हाई!

कराडचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी कुंडलला घरी आलो. तवापासून गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला मला अक्कल शिकवायचा परवाना मिळालाय. त्यात ताईला बघायला येणारी थोर माणसं! एकानं तिला चालून दाखवायला लावलं, एकानं सुईत दोरा ओवायला. आणि आमचे वडील, आप्पा, हात जोडून हसत बसणार.

शेवटी ताईनं आप्पांकडनं वदवून घेतलं, "नोकरी लागली तर दोन वर्षं ही बघाबघी बंद." मी म्हटलं, कसली नोकरी मिळतीय डोंबलाची!

तर त्या दिवशी रानातनं आलो. बघतो तर सोप्यात खुर्चीवर एक कडक इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ, शेजारी त्यांची बायको. पुढ्यात पोहे. समोर ताई, साडीत. आणि गृहस्थ विचारतायत, "ट्रान्झिटिव्ह आणि इनट्रान्झिटिव्ह व्हर्बमधला फरक सांगा बघू."

डोकंच फिरलं!

"आवं, पोरगी बघायला आलाय का परीक्षा घ्यायला?"

"परीक्षाच घ्यायला," ते शांतपणे म्हणाले.

बघा की माज!

"आरं, गप—" आई.

"तू थांब!" मी पाहुण्यांकडं वळलो. "आधी तुमच्या पोराला उभा करा. त्याला तरी येतंय का हे?"

"नाही हो," बाई कळवळून म्हणाल्या, "नववीत आहे. इंग्रजी कच्चंच आहे त्याचं."

"नववीत? आन् लग्नाला काढलाय? पोलिसात देतो!"

आप्पांनी कपाळावर हात मारला. "आरं बैलोबा, सर हायत ते! गावात क्लास काढत्यात. ताईला नोकरीवर घ्यायला आल्यात!"

सर उठून चपला शोधायला लागले.

"सर, माझं उत्तर राहिलंय," ताई म्हणाली आणि माझ्याकडं बोट केलं. "माय ब्रदर शाउट्स. वाक्य पूर्ण झालं, त्याला कर्म लागत नाही. इनट्रान्झिटिव्ह. माय ब्रदर स्पॉइल्स... काय बिघडवतो? सांगायलाच लागतं. माय इंटरव्ह्यू! ट्रान्झिटिव्ह."

सरांनी पायातली चप्पल काढली. "सोमवारपासून या."

मी आजबी म्हणतो, घरात येऊन पोरीची परीक्षा घेणाऱ्याला मी झापणारच! आप्पांनी हे कवाच करायला पाहिजे होतं.

फक्त आता गावात आवाज चढवायची सोय राहिली न्हाई. परवा पारावर एका म्हाताऱ्याला सुनावत होतो, तर ताईच्या क्लासची अख्खी बॅच सायकली थांबवून एकसुरात ओरडली, "इनट्रान्झिटिव्ह!"