दगडामावशीची राखण

बजाजनगरात खोली मिळाली तेव्हा मला वाटलं, सुटले बाई एकदाची. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात पाण्यासाठी विहिरीवर जावं लागे. इथं नळ दारात, वीज घरात, आणि आमच्या बद्रीनाथरावांना वाळूजच्या कंपनीत नोकरी. पण गावात एक सोय होती जी इथं नव्हती, आणि ती मला पहिल्या बाळंतपणात कळली. गावात दिवस उजाडला की पुरुष रानात जात आणि घरामागची जागा बायकांची होई. इथं तीन शिफ्ट. सकाळचे गेले की रात्रपाळीचे परत येऊन झोपत, आणि दुपारचे दारात दाढी करत बसत. कुठल्याही घडीला गल्लीत कुणी ना कुणी बाप्या हजरच!

आता मला सांगा, बाळंतिणीनं धडुती वाळवावीत कुठं? बाळंतपणानंतर महिना-सव्वा महिना अंगावरून जातं. शहरात गुलमंडीतल्या दुकानात तयार पॅडची पाकिटं मिळायची म्हणे, आम्ही ती पाहिलीही नव्हती. आम्ही धडुती, म्हणजे जुन्या लुगड्याच्या घड्या घ्यायचो. धुवायच्या, वाळवायच्या, पुन्हा घ्यायच्या. जुन्या सुती लुगड्यासारखं मऊ काही नाही, त्याला मी आजही नावं ठेवत नाही. त्याला फक्त ऊन लागतं, आणि तेवढंच आमच्याकडं नव्हतं. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच, याच खोलीत झालं. माझ्या सासूबाई, आवडाबाई, स्वभावानं मायाळू, पण या बाबतीत फार कडक. म्हणायच्या, "पुरुषाच्या नदरंला पडाया नगं. आन् त्याच्यावरून साप गेला तर पुन्ना कूस उजवत नाय." मग माझी धडुती मोरीतल्या पत्र्याच्या पेटीमागं, वर ओलं पोतं टाकून. तिथं साप कशाला येतोय? पण ऊनही येत नव्हतं.

गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खोलीत दगडामावशी राहायच्या. आधीची भावंडं वाचली नाहीत म्हणून आईबापानं हिचं नाव दगडाबाई ठेवलेलं. जन्म मेंढरांमागं गेला, मग मेंढरं विकली आणि कंपनीत लागलेल्या मुलाकडं, मुंजाबाकडं, येऊन राहिल्या. तोंडात मिसरी, हातात काठी. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा त्यांना वळसा घालून जाई. आणि हीच बाई तान्ह्या लेकराला पायांवर घेऊन अशी न्हाऊ घालायची की लेकरू रडायचं विसरायचं. माझ्या मुलीला न्हाऊ घालायला त्याच येत.

ते जानेवारीचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सोळा वर्षं धुमसत होता आणि आता निकालाला आला होता. त्या नावापायी माणसं मेली होती, घरं जळली होती. त्यामुळं गल्लीतही कुणी कुणाशी हसून बोलत नव्हतं. एका टोकाला नामांतर व्हावं म्हणणारे बसत, दुसऱ्या टोकाला होऊ नये म्हणणारे. मग बंद पुकारला गेला. कंपनीच्या बस थांबल्या, रिक्षा थांबल्या, आणि तिन्ही शिफ्टचे पुरुष एकदमच गल्लीत येऊन बसले.

नेमका तेव्हा मला ताप भरला. साधा नाही. अंगाला घाण वास येऊ लागला, ओटीपोटात कळा, दूध आटायला लागलं. बद्रीनाथराव घाबरले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी शटर अर्धं वर करून गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "स्वच्छता ठेवा. ताप उतरला नाही तर काहीही करून घाटीत न्या." पण घाटी दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या बाजूला, आणि रस्ते बंद. सासूबाई देवापुढं बसल्या. मी मुलीकडं बघत पडून राहिले. खरंच सांगते, हिला दुसरी आई येणार असं मला वाटू लागलं होतं.

दगडामावशी आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि नाक वर करून हुंगलं. मग उठून सरळ मोरीत गेल्या आणि पेटीमागचं पोतं ओढून काढलं.

"ही घेती व्हय गं तू? वली?"

मी मान हलवली.

त्यांनी पातेलं चुलीवर चढवलं, सगळी धडुती उकळली, पिळली, आणि बादली घेऊन सरळ गल्लीत गेल्या. सासूबाई "अवो बाई, अवो बाई" करत दारापर्यंत धावल्या आणि उंबऱ्यात थिजल्या. मावशींनी आमच्या दारापुढच्या दोरीवर एकेक धडुतं झटकून पसरलं. वर लुगडं नाही, आड चादर नाही. मग दोरीखाली काठी आडवी टाकून मांडी घालून बसल्या.

आणि मग चमत्कार झाला. सोळा वर्षं एका नावावर ज्यांचं एकमत होत नव्हतं, त्या दोन्ही टोकांचं या बाबतीत एका मिनिटात एकमत झालं! घरमालक नानासाहेब सगळ्यांच्या वतीनं पुढं आले.

"दगडाबाई, हे काय मांडलंय? बायामाणसांची अब्रू हाय का नाय? काढा ते."

"काढते की," मावशी म्हणाल्या. "वाळल्यावर."

"आम्ही इथं बसायचं कसं?"

"पाठ फिरवून बसा. न्हाय तर घरात जाऊन भाकरी थापा, बायकांना लई मदत व्हईल."

कुणीतरी हसलं. नानासाहेबांचा आवाज चढला, "मी दोरी कापीन."

मावशींनी काठी नुसती हातात घेतली. "लांडगं हाकललेत म्या, नानासाहेब. तुमी तर मानूस हायसा."

पलंगावर पडल्या पडल्या उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात बद्रीनाथराव उठले. ते चारचौघांत माझं नावसुद्धा घ्यायचे नाहीत. आता हेच जाऊन दोरी ओढणार, असं वाटून मी डोळे मिटले. उघडून पाहिलं, तर ते दोरीपाशी होते. तिथं भिंतीची सावली सरकत आली होती. त्यांनी एक टोक खिळ्यातून सोडलं, धडुत्यांसकट दोरी गल्लीच्या पार पलीकडं नेली आणि उन्हातल्या विजेच्या खांबाला बांधली. तेही नानासाहेबांच्या दारापुढच्या! मग कुणाकडं न बघता घरात आले आणि लेकरू मांडीवर घेऊन बसले. मला त्या माणसाचा एवढा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही, आणि तो दिवस दाखवला दगडामावशींनी.

मावशी खांबाखाली जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या, तिसऱ्याही. ताप गोळ्यांनी उतरला की कोरड्या धडुत्यांनी, यावर मला वाद घालायचा नाही. उतरला. नावाचा निर्णय झाला, बस सुरू झाल्या, आणि आमच्या शेजारणीनं एक दिवस हळूच आपलीही दोन धडुती त्या दोरीवर टाकली. मावशी त्यांचीही राखण करू लागल्या.

उठून बसता यायला लागल्यावर मी एका दुपारी त्यांच्याजवळ उन्हात जाऊन बसले. विचारलं, "मावशी, एवढ्या बाप्यांपुढं तुम्हाला जराबी लाज नाही वाटली?"

त्यांनी मिसरीची बोटं पदराला पुसली.

"माझी लेक बाळंत झाली तवा आमी रानात व्हतो, मेंढरांसंगं. पालाच्या चौबाजूंनी गडीमानसं. ती धडुती वाळत घालाया निघाली तर म्या म्हनलं, पोरी, घोंगड्याखाली झाक. शानी व्हती, झाकली. वलीच घ्यायची. तापानं गेली म्हंत्यात समदी. म्या बी तसंच सांगते लोकायला. पर झाक म्हून म्याच सांगितलं व्हतं."

मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. उठल्या, दोरीवरच्या प्रत्येक धडुत्याची कड बोटांनी चाचपून पाहिली आणि परत खाली बसल्या.

"तू जा घरात, लेकरू उठंल," म्हणाल्या. "अजून वली हायेत. म्या बसते."