तीनदा नको

अट्रॅक्टा गिलहूली आमच्या आयर्लंडमधल्या स्लायगोच्या कॉलेजात वृद्धसेवा शिकवते. माझा वर्ग शेजारीच, त्यामुळे तिचे प्रयोग मला फुकटात बघायला मिळतात. देशोदेशींच्या रीतीभातींचा तास आला की बाकीचे मास्तर परदेशी मुलांना उभं करून त्यांचे सण सांगायला लावतात. अट्रॅक्टाला त्याचा राग येतो. "ती काय प्रदर्शनात मांडलीत?" म्हणते.

यंदा एस्टोनियाहून आलेली लीस अडचणीत आली. वृद्धाश्रमात तिचं प्रात्यक्षिक चालू होतं. तिथल्या मुख्य नर्स नोरीनची तक्रार आली, की ही म्हाताऱ्यांना चहाच देत नाही. सुधारली नाही तर नापास करीन, असंही तिनं बजावलं.

"मी विचारते," लीस म्हणाली. "ते नको म्हणतात. मग मी पुढे जाते."

सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी अट्रॅक्टानं केक आणला आणि आमच्याच गावच्या पोरांपुढे धरला. "नको नको, आत्ताच खाऊन आलोय," जो तो म्हणाला. मला तेव्हा तास नव्हता, मागच्या बाकावरून मीही म्हणालो. लीसनं तेवढे दोन तुकडे घेतले. अट्रॅक्टानं डबा बंद केला तेव्हा पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली.

"आता हिला सांगा, नको का म्हणालात?"

"लगेच घेतलं तर हावरट दिसतं."

"तुम्ही पुन्हा विचारायला हवं होतं," दुसरा कुरकुरला.

"किती वेळा?" लीसनं विचारलं.

"तीनदा तरी."

"आणि खरंच नको असेल तर?"

 अट्रॅक्टानं तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला.

लीस तीनदा विचारू लागली आणि किटल्या रिकाम्या होऊ लागल्या. शेवटच्या दिवशी अट्रॅक्टा तिचं काम बघायला गेली. खिडकीशी डेव्हानी आजी बसल्या होत्या. तीनदा विचारून झालं, तरी त्या नकोच म्हणाल्या. लीस चहा न ओतता त्यांच्याजवळ बसली. नोरीन भडकली.

"यांचा कप कुठाय?"

"अगं, मला चहा आवडत नाही," आजी म्हणाल्या. "कधीच आवडला नाही. तुम्ही ठेवता म्हणून पिते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"रोज बोलते की. ऐकलं हिनं."

नोरीननं मुकाट्यानं लीसला पास केलं. परत आल्यावर अट्रॅक्टा मला हे सांगत होती. मी नेहमीसारखा तिच्यापुढे चहा ठेवला होता आणि ती तो पीत होती. आमची वीस वर्षांची मैत्री, पण तिला खरंच आवडतो का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.