गव्हाणीतला मूठभर कापूस

मंडळी, आज आमच्या अमरावतीच्या घरात जिकडेतिकडे सरकी सांडली आहे, आणि मला तिचा भलता अभिमान वाटतोय.

नाताळचा गोठा आम्ही घरीच करतो. लेकीने पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या भिंती उभ्या केल्या, मातीची गव्हाण केली. बाळ येशूखाली अंथरायला मी मेडिकलमधून कापसाचा रोल आणला.

माझे ऐंशीचे वडील भडकले. "हा कायले आणला? माळ्यावरचा रेचा काढ."

रेचा म्हणजे सरकी काढायचं लाकडी हातयंत्र. आमचा खापरपणजोबांचा आहे. अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस बंद झाला आणि वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने विलायतेला जाऊ लागला, तेव्हाचा.

आम्ही सगळे खाली बसून आमच्या शेतातली बोंडं सोलू लागलो. रेच्याचा दांडा मात्र वडिलांनीच फिरवला.

लेकीने विचारलं, "आबा, येशू तर गवतावर झोपला होता. मग आपण कापूस काहून ठेवतो?"

"त्या गोठ्यात गवत होतं, पोरी. आपल्या घरी कापूस आहे. माह्या पणज्यानं त्या तेजीत सारा इकला, पण येशूसाठी एक मूठ राखली."

रोल आता औषधांच्या डब्यात आहे.

तुमच्या घरी असं काय आहे, जे कितीही भाव आला तरी विकलं नाही?